ड्रायव्हरची पँट

कोथरूडमध्ये टेकडीवर फिरायला जाणारी मंडळी पायथ्यापर्यंत स्कूटरने येतात, स्टँड लावतात, मनगटावरचं घड्याळ सुरू करतात आणि मग चालू लागतात. तासाभराने घड्याळ बंद. पुढचे आठ-दहा तास कर्वे रस्त्यावरचा सिग्नल, ऑफिसची लिफ्ट आणि खुर्ची यांत जातात, ते कुणाच्या हिशेबात नसतात.

खरा हिशेब तिथेच असतो, हे दाखवलं लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांनी. 1953 साली त्यांनी दुमजली बसवरच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बस एकच, खातं एकच. ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर तिकिटं देत वरखाली. रोजच्या पाच-सातशे पायऱ्या सहज. हृदयविकार कंडक्टरांत कमी निघाला. पण मॉरिस तिथे थांबले नाहीत. तीन वर्षांनी त्यांनी गणवेशाची मापं तपासली. ड्रायव्हरच्या पँटची कंबर मोठी, आणि तीही नोकरीला लागतानाच! म्हणजे बसून राहिल्याने आजार, की मुळातल्या अंगकाठीमुळे? स्वतःच्याच निष्कर्षावर शंका घ्यायला शिंप्याची मापं काढणारा हा माणूस मला भारी आवडतो. पुढे बरंच संशोधन झालं आणि हालचालीचं पारडं जडच राहिलं.

आपण मात्र दहा हजार पावलांत अडकलोय. हा आकडा 1965च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून आला. आधी जाहिरात, शास्त्र मागाहून. शिवाय मनगटावरचं घड्याळ मोजतं ते हाताचं हलणं. कणीक मळताना पावलं वाढू शकतात. उलट हातगाडी ढकलत डहाणूकर कॉलनी पालथी घालणाऱ्या भाजीवाल्याचा हात दांड्यावर घट्ट, त्यामुळे त्याची निम्मी पायपीट बुडीत खाती.

प्रवासातली पावलं वाढवायची सोय 6 मार्च 2022ला वनाझ-गरवारे मेट्रोने आणून दिली. घरापासून स्टेशन, स्टेशनपासून ऑफिस, शिवाय चढउतार. दुचाकीवर यातलं काहीच नाही. स्वारगेटला जायचं तर सिव्हिल कोर्टला उंचावरच्या फलाटावरून थेट जमिनीखाली उतरा. आता एवढा जिना फुकटात मिळतोय, तर पुणेकराने सोडू नये. पण संध्याकाळी आनंदनगरला बघा: सरकत्या जिन्यापाशी गर्दी, शेजारचा दगडी जिना मोकळा, आणि गर्दीतले निम्मे लोक उभ्याउभ्या घड्याळात पावलं बघतायत.