वाहनतळाचा छुपा पगार

हिंजवडीच्या शिवाजी चौकात सकाळच्या प्रहरी अर्धा तास अडकून पडलेल्या माणसाला पुण्याच्या वाहतुकीवर व्याख्यान देण्याचे प्रयोजन नाही. त्याने नुसते आजूबाजूला पाहावे. पाच जणांच्या मोटारीत एक मनुष्य बसला आहे, शेजारच्या मोटारीत दुसरा, तिच्या मागे तिसरा. आणि मौज अशी की, त्यांतील कित्येक जण एकाच उपनगरातून निघालेले असतात, एकाच फाटकातून आत शिरणार असतात आणि एकाच मजल्यावर बसून दिवसभर एकमेकांशी सहकार्य करणार असतात! या स्थितीचा दोष आजवर सरकारवर, महापालिकेवर, अरुंद रस्त्यांवर आणि पुणेकरांच्या स्वभावावर पुष्कळ टाकून झाला. परंतु ज्याच्या हाती या कुलपाची एक मोठी किल्ली आहे, तो मालकवर्ग या चर्चेत सहसा फिर्यादी म्हणूनच उभा राहतो. रस्ते रुंद करा, उड्डाणपूल बांधा, अशी मागणी करून तो मोकळा होतो.

नोकरांनी कामावर कसे यावे हे ज्याचे त्याने ठरवावे, आम्ही त्यात पडत नाही, असे मालक म्हणतात. आमचे म्हणणे असे की, ते त्यात पूर्वीच पडलेले आहेत. मोटारीने येणाऱ्याला ते इमारतीच्या तळघरात बहुधा फुकट जागा देतात. आपल्याकडील नगररचनेच्या हिशेबात एका मोटारीसाठी, जाण्यायेण्याची वाट धरून, मोकळ्या आवारात २३ आणि तळघरात ३२ चौरस मीटर जागा धरण्याची रीत आहे. ज्या टेबलाशी बसून त्या मोटारीचा धनी आपला चरितार्थ चालवितो, त्या टेबलाच्या वाट्याला याचा तिसरा हिस्सा तरी येत असेल की काय, याची आम्हाला शंका आहे. कार्यालयाच्या जागेचे भाडे चौरस फुटाला पैपैने घासाघीस करून ठरविणारे हे व्यवहारचतुर लोक तळघरातील जागा मात्र पाणपोईवरच्या पाण्यासारखी वाटून टाकतात. पीएमपीच्या बसमध्ये दांड्याला लोंबकळत येणाऱ्या हिशेबनिसाला, सायकलीने येणाऱ्या अभियंत्याला, मेट्रोतून उतरून पायी येणाऱ्या मुलीला या दानातला कवडीचाही वाटा मिळत नाही. हा पगारच आहे. फक्त तो पगारपत्रकावर छापला जात नाही आणि मोटार घेऊन येण्याच्या अटीवरच मिळतो.

या अन्यायाला कायद्याचीही साथ आहे. इमारत बांधावयाची तर तिच्यात मोटारींसाठी किमान किती जागा ठेवावी हे बांधकाम नियमावली बजावून सांगते. तिच्या दाराशी बसथांबा असलाच पाहिजे असे मात्र ती म्हणत नाही. वरिष्ठ अधिकाऱ्याला कंपनीने मोटार दिली, तर प्राप्तिकराच्या हिशेबात तिचे मूल्य ठराविक मासिक रकमेने धरले जाते. प्रत्यक्ष खर्चाशी त्याचा ताळमेळ असण्याची गरज नसते. याउलट सामान्य नोकरदाराला दरमहा १६०० रुपयांपर्यंतच्या प्रवासभत्त्यावर जी करमाफी होती, ती २०१८ च्या अर्थसंकल्पाने काढून घेतली आणि सर्वांना सरसकट मिळणाऱ्या वजावटीत विरघळवून टाकली. बसने या किंवा विमानाने या, वजावट तीच!

ज्या अमेरिकेला मोटारीचे माहेर समजतात, तेथेच या छुप्या पगाराचा छडा लागला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कॅलिफोर्निया राज्याने १९९२ साली कायदा केला की, ५० अथवा अधिक माणसे कामाला असणाऱ्या ज्या मालकाने वाहनतळाची जागा भाड्याने घेऊन ती नोकरांना फुकट वा स्वस्तात दिली असेल, त्याने प्रदूषित हवेच्या प्रदेशात ती जागा नको असणाऱ्यास तितकी रोख रक्कम द्यावी. या कल्पनेचे प्रवर्तक, लॉस एंजेलिसचे प्राध्यापक डोनाल्ड शूप, जे कित्येक दशके हाच विषय घेऊन बसले होते, त्यांनी आठ कंपन्यांतील सुमारे १७०० नोकरांची पाहणी १९९७ साली प्रसिद्ध केली. एकट्याने मोटार हाकीत येणारांचे प्रमाण शेकडा ७६ वरून ६३ वर आले होते. दोघातिघांनी मिळून एका मोटारीने येणारे शेकडा १४ होते ते २३ झाले होते. कोणाची मोटार हिसकावली नव्हती, कोणाला उपदेशाचे डोस पाजले नव्हते. जागेची किंमत तेवढी उघड्यावर मांडली होती.

वॉशिंग्टन राज्याने १९९१ सालीच, सकाळी सहा ते नऊ या वेळात १०० वा अधिक पूर्णवेळ नोकर जेथे कामावर येतात, अशा मालकांवर मोटारींच्या खेपा कमी करण्याची योजना आखण्याचे बंधन घातले. फ्रान्समध्ये पॅरिस परिसरातील मालकांकडून सार्वजनिक वाहतुकीसाठी वेतनाच्या प्रमाणात कर घेण्यास १९७१ पासून सुरुवात झाली, आणि २००९ पासून तर नोकराच्या बस-रेल्वेच्या पासाचा निम्मा खर्च मालकाने सोसावा असा देशभर नियम आहे.

यावर एक आक्षेप आम्हाला दिसतो. पुणे म्हणजे पॅरिस नव्हे, आणि पीएमपीच्या थांब्यावर तासभर तिष्ठत राहून मग गच्च भरलेली बस सोडून देणाऱ्या माणसाला पासाचे निम्मे पैसे घेऊन काय करावयाचे? आक्षेप खरा आहे. पण त्याचे उत्तर शोधण्यासाठी पॅरिसला जावे लागत नाही, पिंपरी-चिंचवडला जावे. तेथील मोठ्या कारखान्यांच्या बसगाड्या भल्या पहाटे पुण्याच्या पेठांतून आणि उपनगरांतून माणसे गोळा करीत निघत. कंपनीची बस चुकू नये म्हणून घरोघरची घड्याळे पाच मिनिटे पुढे असत, त्या बसमध्ये भिशी चाले, लग्ने जमत, आणि कोण आजारी आहे हे कारखान्यातील दवाखान्याआधी बसला कळे. त्याही आधीच्या पिढीतील लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्थानकाशेजारच्या माळावर कारखाना उभारला, तेव्हा कामगारांची वसाहतही तेथेच वसविली. माणूस कामावर कसा पोहोचेल हा प्रश्न कारखान्याच्या नकाशातच सोडवावयाचा असतो, ही समजूत महाराष्ट्राच्या उद्योगाला परकी नाही.

मग संगणकाच्या कंपन्यांच्या बसगाड्या अर्ध्या रिकाम्या का धावतात? याचे मुख्य कारण रस्त्यावर नाही, कार्यालयात आहे. कारखान्याचा भोंगा झाला की साहेबालाही माणूस थांबवून ठेवणे अवघड जात असे. येथे भोंगाच नाही. बस सहाला सुटते आणि साहेबांची बैठक पावणेसहाला सुरू होते. बसकडे पाहून उठणारा नोकर कामचुकार ठरतो; तेव्हा तो तीन-चार महिने हे सोसतो आणि मग हप्त्याने मोटार घेतो. ज्या कंपनीला आपली बस भरलेली पाहावयाची असेल, तिने बस सुटण्यापूर्वीच्या तासात बैठक घेण्यास मनाई करावी. हा नियम भत्त्यापेक्षा स्वस्त आहे आणि आमच्या मते अधिक परिणामकारक होईल.

दुसरे कारण भीतीचे आहे. शाळेतून दूरध्वनी आला, मुलाला ताप भरला आहे. दुपारी दोन वाजता घरी कसे जावयाचे? आपली मोटार खाली उभी असणे हा या आईच्या दृष्टीने चैनीचा विषय नाही, तो विमा आहे. अमेरिकेतील अनेक मालक अशा वेळी नोकराला भाड्याच्या गाडीने स्वखर्चाने घरी पोहोचविण्याची हमी देतात. वर्षाकाठी थोड्याच वेळा उपयोगात येणाऱ्या या हमीचा खर्च तळघरातील एका मोटारीच्या जागेपुढे किरकोळ असतो.

आणि भीती याहूनही गंभीर असू शकते. नोव्हेंबर २००७ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीचा, तिला नेण्यासाठी आलेल्या गाडीच्या चालकानेच साथीदारासह पुण्याजवळ खून केला. १९ मार्च २०२५ रोजी हिंजवडीत एका कंपनीच्या मिनीबसला लागलेल्या आगीत चार कर्मचारी जळून मेले; ती आग चालकानेच लावल्याचे पोलिसांचे म्हणणे आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना कामावर ठेवावयाचे तर त्यांना घराच्या दारापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. ही जबाबदारी निविदा काढून सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराच्या गळ्यात बांधली म्हणजे संपत नाही. चालक कोण, तो किती तास झोपला आहे, मागचे दार आतून उघडते की नाही, हे विचारणारा कंपनीचा स्वतःचा जबाबदार अधिकारी असला पाहिजे. हा विश्वास जोवर बसत नाही, तोवर बापाने मुलीला कर्ज काढून गाडी घेऊन दिली तर त्याला दोष कोणी द्यावा?

खासगी मालकांना इतके सुनावल्यावर सरकारी मालकांना वगळणे न्यायाचे होणार नाही. पुणे महापालिकेच्या सभेने मार्च २०१८ मध्ये रस्त्यावरील वाहनतळासाठी शुल्क घेण्याचे धोरण मंजूर केले आणि विरोधाचा गलबला होताच ते मोजक्या रस्त्यांपुरते आखडते घेतले. नागरिकांकडून पैसे मागणे अवघड होते, हे आम्ही समजू शकतो. पण महापालिका स्वतःही या शहरातील एक मोठी मालक आहे, आणि तिच्या मुख्य भवनालगतच्या मेट्रो स्थानकावर १ ऑगस्ट २०२३ पासून गाड्या थांबत आहेत. भवनाच्या आवारात मोटार उभी करणाऱ्या आपल्याच अधिकाऱ्यांकडून तिने जागेचे मासिक भाडे घ्यावे, ते किती हे सूचनाफलकावर लावावे आणि जमा होईल त्या रकमेतून मेट्रोने व बसने येणाऱ्या आपल्या कारकुनांना व शिपायांना पास काढून द्यावेत. आयुक्तांच्या मोटारीचे भाडे त्या फलकावर पहिल्या ओळीत असावे.