तारापूर आणि डभई

पालघर-बोईसर भागात साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना तारापूरचा किल्ला परका नाही. १७३९ च्या जानेवारीत तो पोर्तुगीजांकडून घेताना बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्या मृत्यूला वीरमरण म्हणताना आमची जीभ अडखळत नाही. मात्र त्याआधी आठ वर्षे, १ एप्रिल १७३१ रोजी, गुजरातेत डभईजवळ सेनापती त्र्यंबकराव दाभाडे हत्तीवरून लढताना गोळी लागून पडले, त्या मृत्यूला काय म्हणावे? समोर पोर्तुगीज नव्हते, बाजीराव पेशवे होते. आणि दोघांचा धनी एकच, छत्रपती शाहू.

त्र्यंबकरावांना सेनापतिपद १७३० मध्ये मिळाले. गुजरातेत पाय रोवले होते ते त्यांचे वडील खंडेराव यांनी. त्याच वर्षी पेशव्यांनी सुभेदार सरबुलंदखानाशी गुजरातच्या चौथाईचा परस्पर करार केला. सेनापतीच्या दृष्टीने हे सरळ अतिक्रमण होते. पिलाजी गायकवाड, कंठाजी कदम बांडे, उदाजी पवार त्यांच्या बाजूस गेले, ते काही केवळ दुराग्रहाने नव्हे. सरदारांचे वतनी हक्क आणि पेशव्यांची वाढती सत्ता यांचा तो झगडा होता.

त्र्यंबकरावांनी निजामाशी संधान बांधले, हा आरोप खरा आहे आणि तो आम्ही झाकू इच्छित नाही. परंतु खुद्द शाहूंनी काय केले? सेनापतिपद दाभाड्यांच्याच घरात ठेवून धाकटे बंधू यशवंतराव यांना दिले आणि मातोश्री उमाबाईंचे मन राखले. ज्यांचा अपराध घडला असे म्हणावे, त्या राजाने या घराण्यावर द्रोहाचा शिक्का मारला नाही. तो नंतरच्या लेखणीने मारला.

आमचा आक्षेप आहे तो या लेखणीला. मराठी ऐतिहासिक ललितलेखन बाजीरावांभोवती रमले. दाभाडे तेथे येतात ते बहुधा वाटेतील अडसर म्हणून. यादवीत जिंकणाऱ्याचा शब्दकोश आपण न तपासता स्वीकारतो आणि वर्गातही तोच शिकवतो. त्र्यंबकरावांना निर्दोष ठरवा, असे आमचे म्हणणे नाही. त्यांना त्यांची बाजू असलेले पात्र होऊ द्या, इतकेच. तसे झाले तर तारापूरच्या मृत्यूचे मोल कमी होणार नाही. डभईच्या मृत्यूचे दुःख मात्र कळेल.