पिल्लाचा संसार

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आमच्या शेजारच्या घरी कुत्र्याचे एक पिल्लू आले. रंगाने तांबूस, कपाळावर पांढरा टिळा, आणि पोट असे वाटोळे, की ते चालू लागले म्हणजे एखादा तांब्याच घरंगळत चालला आहे असे वाटावे. घरातील दोघा भावंडांनी त्याच्यासाठी कित्येक महिने पैसे साठविले होते. त्या पैशांतून मखमली गादी आली, घुंगरांचा गळपट्टा आला, रबराचे हाड आले. पावसाळ्याचे दिवस म्हणून एक इवलासा रेनकोटही आला. मोठ्या हौसेने मांडलेला तो संसार पाहावयास आळीतील सारी मुले लोटली. सर्व खरेदी आटोपल्यावर लस टोचण्याची गोष्ट निघाली, तेव्हा पैशांचा डबा रिकामा झालेला होता. "पुढच्या महिन्यात पाहू," असे ठरले.

त्या पिल्लाच्या वाट्याला पुढचा महिना आलाच नाही. पंधरा दिवसांतच त्याला उलट्या व रक्ताची हगवण सुरू झाली. दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. 'पार्व्हो' नावाच्या रोगाने ते गेले. ज्या वाटोळ्या पोटाचे आम्ही सर्वांनी कौतुक केले, ते जंतांमुळे फुगलेले होते, हेही डॉक्टरांनी सांगितले तेव्हाच आम्हांस कळले. मागे राहिली ती गादी आणि तो रेनकोट; पण या रोगाचे विषाणू वस्तूंना चिकटून महिनेन् महिने टिकतात, म्हणून त्या वस्तू दुसऱ्या एखाद्या पिल्लाला देण्याजोग्याही उरल्या नाहीत.

त्या भावंडांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांचे प्रेम उणे नव्हते. पैसाही अगदीच उणा नव्हता. उणा पडला तो क्रम. कोणती गोष्ट आधी आणि कोणती मागाहून, हा विवेक खरेदीच्या भरात हरवला. थोड्या पैशांत पिल्लू नीट वाढविता येते, असे माझे ठाम मत आहे; मात्र त्यासाठी एक नियम पाळावा लागतो. जे डोळ्यांना दिसते त्यावर नव्हे, तर जे दिसत नाही त्यावर आधी खर्च करावा.

'हौसेला मोल नाही' असे आपण म्हणतो. ते खरेही आहे. परंतु ही हौस कोणाची, याचा विचार करावा. मखमलीची ऊब आणि गोणपाटावर अंथरलेल्या गोधडीची ऊब यांत पिल्लाला भेद वाटत नाही. घुंगरांचा नाद आपल्या कानांना गोड लागतो. त्याच्या मानेला तो केवळ भार असतो. तेव्हा ही सारी हौस आपली असते, आणि तिचे नाव मात्र आपण पिल्लाचे सांगतो.

मग पिल्लाची खरी गरज कोणती? या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशाच्या कायद्याने मोठ्या साधेपणाने दिले आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. विख्यात नर्तकी आणि राज्यसभेच्या सदस्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी अशा कायद्यासाठी संसदेत मोठा आग्रह धरला होता. या कायद्याप्रमाणे मालकाने आपल्या प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा दिलाच पाहिजे. आखूड किंवा जड साखळीने त्याला तासन् तास बांधून ठेवता येत नाही. सदा बांधलेल्या कुत्र्याला हिंडविण्याफिरविण्यात हयगय करणे आणि प्राण्याला उपाशीतापाशी वाऱ्यावर सोडून देणे, हेही गुन्हेच आहेत. अन्न, पाणी, निवारा, हिंडणेफिरणे आणि सोबत! या यादीत मखमल कोठेही नाही. आजच्या वैद्यकशास्त्राने तिच्यात एका गोष्टीची भर घातली आहे, ती म्हणजे लस.

लसीला मी पहिले स्थान का देतो, हे थोडे समजावून घ्यावे. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून रोगांशी झुंजण्याची शक्ती मिळते. ती काही आठवडेच टिकते. गंमत अशी, की जोवर ती अंगात असते, तोवर टोचलेल्या लसीचाही प्रभाव पडू देत नाही; आणि ती नेमकी कोणत्या दिवशी ओसरेल, हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळे असते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर तीन-चार आठवड्यांनी, सुमारे सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत लस पुनःपुन्हा टोचावी लागते. एक सुई टोचली आणि काम झाले, असे नाही. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो रोग या लसीने टळतो. एकदा तो जडला, म्हणजे उपचारांना लसीच्या कैक पट खर्च येतो आणि तरीही पिल्लू हाती लागेलच, असा भरवसा नसतो. 'बैल गेला अन् झोपा केला' ही म्हण अशाच प्रसंगासाठी आहे.

दुसरी लस रेबीजची. ती साधारणतः तीन महिन्यांच्या वयात टोचतात, आणि वर्षाने पुन्हा. ही लस केवळ पिल्लासाठी नसून घरातील व आळीतील प्रत्येक माणसासाठी असते. कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य होते. १८८५ साली लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून त्याचे प्राण वाचविले. तो उपाय आज आपल्या गावातील दवाखान्यात मिळत असता त्यात चालढकल करणे शहाणपणाचे नव्हे. लसीच्या जोडीला जंतांचे औषध द्यावयाचे असते. त्याची किंमत क्षुल्लक असते. त्याचे विस्मरण मात्र महागात पडते.

हा खर्च कमी कसा होईल? आपल्या राज्यात पशुसंवर्धन खात्याचे आणि जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. लोक त्यांना 'गुरांचा दवाखाना' म्हणतात, आणि या नावामुळेच तेथे कुत्र्याचे पिल्लूही नेता येते, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही. तेथील शुल्क अल्प असते. २८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास अनेक ठिकाणी रेबीजची लस विनामूल्य टोचतात. पिल्लू आणण्यापूर्वीच जवळच्या दवाखान्यात जाऊन चौकशी करावी आणि लसींसाठी लागणारे पैसे एका पाकिटात वेगळे काढून ठेवावेत. त्या पाकिटाला दुसऱ्या कशासाठीही हात लावू नये.

उरलेल्या पैशांत काय घ्यावे? खरोखर विकत घ्यावी अशी वस्तू एकच, गळपट्टा आणि त्याची दोरी. तीही साधी, सुती किंवा नायलॉनची, मागेपुढे करता येईल अशी असावी. पिल्लू झपाट्याने वाढते. आज मापाचा असलेला पट्टा दोन महिन्यांत गळ्याला काचू लागतो. म्हणून पट्टा आणि मान यांमध्ये आपली दोन बोटे सहज जातात ना, हे दर आठवड्याला पाहावे. भारी किमतीचा पट्टा घेणे म्हणजे वाढत्या मुलाला जरीचे जोडे शिवण्यासारखे होय.

बाकीचा संसार घरातच सापडतो. अन्नाला एक आणि पाण्याला एक, असे दोन बसके, जड वाडगे पुरतात. पुठ्ठ्याच्या खोक्याची एक बाजू कापून त्यात जुनी गोधडी अंथरली, की बिछाना तयार होतो. धुता येतो आणि फाटला तरी हळहळ वाटत नाही. वर्तमानपत्रांची रद्दी स्वच्छतेच्या शिक्षणाला उपयोगी पडते. चार ते सहा महिन्यांच्या वयात पिल्लाचे दुधाचे अठ्ठावीस दात पडून नवे येऊ लागतात, तेव्हा त्याला काहीतरी चावावेसे वाटते. अशा वेळी जुन्या कापडाची घट्ट गाठ मारून द्यावी. जुना जोडा मात्र देऊ नये. कारण जुना जोडा कोणता आणि बाबांचा नवा जोडा कोणता, हे ओळखण्याइतके त्याचे शिक्षण झालेले नसते!

अन्नाच्या बाबतीत मात्र काटकसर जपून करावी. पिल्लाला आईपासून तोडून आठ आठवड्यांच्या आत आणू नये. आणल्यावर आरंभी दिवसातून चार वेळा, मग तीन वेळा थोडे थोडे खाऊ घालावे. घरचा मऊ भात किंवा भाकरी, उकडलेले अंडे, शिजवलेले मांस यांवर ते वाढू शकते. पण नुसत्या दूधभातावर त्याची हाडे भरत नाहीत. गाईम्हशीचे दूध तर कित्येक पिल्लांना पचतच नाही. म्हणून काय आणि किती द्यावे, हे पहिल्या लसीच्या वेळीच पशुवैद्यांना विचारून घ्यावे. त्या प्रश्नाला वेगळे पैसे पडत नाहीत. आपल्या ताटातील आमटी त्याच्यापुढे ओतू नये, कारण तिच्यात कांदा आणि लसूण असतो, आणि हे दोन्ही पदार्थ कुत्र्याला बाधतात. चॉकलेट, द्राक्षे आणि बेदाणे तर विषासारखे होत. शिजवलेल्या हाडांच्या टोकदार कपच्या होऊन त्या घशात व आतड्यांत रुततात. उरलेसुरले अन्न ही काटकसर वाटते खरी. पण ती दवाखान्याच्या वाटेने जाते.

यावर दोन आक्षेप येतील. कोणी म्हणेल, "ज्याच्यापाशी पैसा नाही, त्याने कुत्रे पाळूच नये." दुसरा म्हणेल, "आमच्या लहानपणी कुत्री उष्ट्यावर वाढत. त्यांना कोण लस टोचीत होते?" पहिला आक्षेप मला अन्यायाचा वाटतो. ज्याला लस आणि अन्न यांची तजवीज करता येते, त्याने गादी घेतली नाही म्हणून त्याची माया कमी ठरत नाही. दुसऱ्याला इतकेच विचारावे, की त्या दिवसांतील किती पिल्ले मोठी झाली, हे कोणी मोजले होते काय? जी जगली ती आपल्या स्मरणात राहिली, एवढेच. काटकसर आणि कद्रूपणा यांत हाच भेद आहे. काटकसर करणारा अनावश्यक गोष्ट टाळून आवश्यक गोष्टीसाठी पैसा वाचवितो. कद्रू मनुष्य आवश्यक गोष्टच टाळतो.

आणखी एक हिशेब करावयास हवा. कुत्र्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे, कधी त्याहूनही अधिक असते. सहावीत असताना आणलेले पिल्लू तुम्ही पदवीधर होऊन नोकरीला लागाल, त्या वेळी म्हातारे झालेले असेल. पहिल्या दिवसाची खरेदी ही त्या दीर्घ प्रवासाची केवळ पहिली पायरी. म्हणून सारा पैसा त्या एका दिवशी उधळू नये. दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकावी. पैशांहूनही मोठा खर्च वेळेचा असतो. त्याला रोज फिरवून आणणे, त्याची घाण काढणे, त्याच्याशी खेळणे हे कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. 'नव्याचे नऊ दिवस' संपल्यावर रस्त्यावर सोडलेली कितीतरी कुत्री आपण पाहतो. त्यांतील काहींच्या गळ्यात किमती पट्टेही असतात. महाभारतातील युधिष्ठिराने स्वर्गाच्या दारातही सोबतीला आलेल्या कुत्र्याचा त्याग करण्याचे नाकारले. त्याने त्या कुत्र्याला काय दिले, याची आठवण कोणी ठेवली नाही. त्याने त्याला सोडले नाही, याची ठेवली.

गेल्या वर्षी त्याच शेजारच्या घरी दुसरे पिल्लू आले. काळे, गावठी, दोन महिन्यांचे. या वेळी ती भावंडे आधी दवाखान्यात गेली आणि मग बाजारात. आज ते पिल्लू चांगले थोराड झाले आहे. आजीच्या जुन्या लुगड्याच्या गोधडीवर ते निजते, आणि पोचा पडलेल्या वाडग्यातून पाणी पिते. त्याच्या गळ्यातील सुती पट्ट्याचा रंगही आता विटला आहे. परंतु घरातील कपाटात त्याच्या नावाचे एक कार्ड जपून ठेवलेले आहे, आणि त्यावरील लसींचा एकही रकाना रिकामा नाही.