आधी पिस्टन, मग बाटली

नायट्रस बसवायचं ठरलं की हौशी मालक आधी बाटली आणतो आणि इंजिनाकडे नंतर वळतो. हा क्रम चुकीचा आहे. किती हॉर्सपॉवर वाढवायची ते आधी ठरवावं, त्या आकड्यासाठी इंजिन बांधावं आणि बाटली सर्वांत शेवटी घ्यावी.

नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला त्याचं विघटन होतं आणि ऑक्सिजन मोकळा होतो. वजनाने पाहिलं तर हवेत २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. त्यामुळे जास्त पेट्रोल जाळता येतं. वाढलेली ताकद त्या पेट्रोलची. दुसऱ्या महायुद्धात उंचावरच्या विरळ हवेत जर्मन मेसरश्मिट विमानांना ‘जीएम-१’ यंत्रणा हाच वायू पुरवत असे.

अमेरिकी हौशी मंडळींचं लाडकं एलएस३ इंजिन घ्या. ६.२ लिटर, आठ सिलिंडर. २००८च्या कॉर्व्हेटमध्ये ४३० हॉर्सपॉवर. त्याचे मूळ पिस्टन ओतीव आहेत. रोजच्या वापराला उत्तम, पण नॉकिंग सुरू झालं की रिंगांमधली कड तुटायला वेळ लागत नाही. ट्यूनिंग चोख असेल तर १०० हॉर्सपॉवर वाढवणारा नायट्रसचा शॉट हे इंजिन सहसा सोसतं. २००च्या पुढे जायचं असेल तर फोर्ज्ड पिस्टन आणि दणकट कनेक्टिंग रॉड हवेतच.

खरी परीक्षा रिंग गॅपची. कारागीर रिंग सिलिंडरमध्ये सरकवतो, ती सरळ बसवून तिच्या टोकांमधल्या फटीत फिलर गेज घालतो, बाहेर काढून टोक घासतो आणि पुन्हा मोजतो. चार इंची सिलिंडरला साध्या इंजिनात साधारण १८ थाऊ, म्हणजे इंचाचे १८ हजारांश, पुरतात. नायट्रसच्या शर्यतीसाठी ही फट २८ थाऊपर्यंत नेतात. तापली की रिंग लांबते. तिची टोकं एकमेकांना भिडली तर ती सिलिंडरमध्ये आवळते आणि पिस्टनचा माथा उचकटून काढते. बॉनेट उघडून हे काम कुणाला दिसत नाही, म्हणून त्यावरच काटकसर होते, आणि इंजिनं तिथेच जातात.

थंड प्रकृतीचे प्लग, दर ५० हॉर्सपॉवरमागे सुमारे दोन अंश मागे घेतलेलं टायमिंग, भरवशाचा फ्युएल पंप हेही लागतंच. पेट्रोलचा दाब घसरताच नायट्रस तोडणारा स्विच तर सक्तीचाच असावा.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. तेव्हा हा खेळ रस्त्यावरचा नव्हे. त्याची जागा आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होते तशा ड्रॅग शर्यतीत. असं काम घेणाऱ्या गॅरेजने पिस्टनचा प्रकार, प्रत्येक सिलिंडरची रिंग गॅप आणि इंजिन किती शॉटसाठी बांधलं तो आकडा बिलावर लिहून द्यावा. गाडी विकली गेली तर पुढच्या मालकाला तेवढाच आधार असतो.