सिगारेटच्या पाकिटावरचा इशारा खरंच काम करतो का?

पेठ वडगाव असो की कोल्हापूर, टपरीवर ‘एक दे’ म्हटलं की सुटी सिगारेट हातात येते. पाकीट टपरीवाल्याकडेच राहतं. इशारा मात्र पाकिटावर असतो!

पाकिटावर चित्र कधी आलं?
भारतात ३१ मे २००९ पासून. तेव्हा ते फक्त पुढच्या बाजूच्या ४० टक्के भागावर होतं. १ एप्रिल २०१६ पासून दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापला.

फरक पडला का?
‘गॅट्स’ या सर्वेक्षणात २००९-१० मध्ये सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ३८ टक्के लोक म्हणाले, इशारा पाहून सोडण्याचा विचार आला. २०१६-१७ मध्ये असं म्हणणारे ६२ टक्के होते. विचार येणं म्हणजे सुटणं नव्हे, पण सुरुवात तिथूनच होते.

मग अडतं कुठे?
सुट्या विक्रीत. चित्र दिसत नाही, शिवाय पूर्ण पाकिटाचे पैसे नसलेल्या पोरांनाही एक सिगारेट परवडते. म्हणूनच महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी घातली. कॅनडाने तर २०२३ मध्ये प्रत्येक सिगारेटवरच इशारा छापण्याचा नियम केला.

थोडक्यात, इशारा काम करतो, पण तो डोळ्यांसमोर आला तरच. आणि सोडायचीच असेल, तर पाकिटावरच मदतीचा टोल फ्री क्रमांक असतो: १८००-११-२३५६. सुटी घेणाऱ्याला तोही दिसत नाही. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर त्याला हा नंबर नक्की पाठवा.