पट्टा नको, वेळ द्या

खडीवर वाकून गँगमनची आणि थैली वाहून पोस्टमनची कंबर जाते. दवाखान्यात पट्टा मिळतो! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना जुनाट कंबरदुखीवर व्यायाम सुचवतात, पट्टा नव्हे. कॉक्रेनने २०२१ मध्ये २४९ चाचण्या तपासल्या. व्यायामाने दुखणे कमी होते असेच दिसले. योगासने की पोटापाठीचे व्यायाम, या वादात फारसे तथ्य नाही. नेमाने होईल तो करावा. तोलासाठी मात्र उभ्याने, एका पायावरचा सराव वेगळा हवा. रुळाशेजारी पाय घसरलेल्याला हे सांगायला नको.

पण रात्रपाळी करून आलेल्याने व्यायाम करायचा कधी? ड्यूटीतच वीस मिनिटे आणि शिकवायला जाणकार फिजिओथेरपिस्ट, ही मागणी साथींनी येत्या शाखा बैठकीत ठरावाने मांडावी.