काठावरचा कापूस

राज्यचिन्हांवर भाष्य करणाऱ्यांना मध्यभाग वाचण्याची आणि काठ सोडून देण्याची सवय असते. सोव्हिएत संघातील प्रजासत्ताकांच्या राज्यचिन्हांबाबत तर हे हटकून घडले. मधला विळा-हातोडा, माथ्यावरचा पंचकोनी तारा, उगवता सूर्य आणि जगातील कामगारांना एक होण्याचे आवाहन करणारी फीत यांवर समर्थकांनी स्तुतीची आणि विरोधकांनी निंदेची पाने भरली. या दोन्ही पक्षांचे एका बाबतीत मात्र पूर्ण एकमत होते. भोवतीचे धान्याफळांचे कडे ही निव्वळ सजावट आहे, स्थानिक रंग भरण्यासाठी केलेली वेलबुट्टी आहे, असे दोघेही मानून चालले. मोल्डाव्हियाच्या वाट्याला द्राक्षे आली, अझरबैजानच्या वाट्याला तेलविहिरीचा मनोरा, तुर्कमेनिस्तानच्या वाट्याला गालिचा आणि उझबेकिस्तानच्या वाट्याला कापूस. या वाटपात लोककलेविषयीचे कौतुक तेवढे पाहण्यात आले.

हे मत टिकणारे नाही. जे चिन्ह पंधराही प्रजासत्ताकांना सारखेच दिलेले आहे, ते कोणत्याही एका प्रजासत्ताकाविषयी काहीच सांगत नाही. विळा-हातोडा एस्तोनियालाही होता आणि ताजिकिस्तानलाही. देवपूजेच्या आरंभी म्हणावयाच्या संकल्पाइतकाच त्याचा उपयोग. वेगळेपण कडेला होते आणि म्हणून आशयही कडेला होता. मध्यवर्ती सत्तेला त्या भूमीकडून नेमके काय हवे आहे, याची नोंद काठावर केलेली होती. उझबेक सोव्हिएत समाजवादी प्रजासत्ताकाचे १९३७ साली निश्चित झालेले चिन्ह या दृष्टीने पाहावे. गव्हाच्या ओंब्या आणि फुटलेल्या बोंडांनी लगडलेल्या कापसाच्या फांद्या यांचे कडे, त्याच्या आत सूर्य आणि विळा-हातोडा. चित्रकाराने कदाचित समृद्धीच रंगवली असेल. शासनाने तिथे मागणीपत्र लिहिले.

कापसाची ही मागणी क्रांतीने निर्माण केलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धाने जगातील सूतगिरण्यांचा कापूस तोडला. त्या टंचाईत मुंबईचे व्यापारी अल्पकाळ गडगंज झाले आणि युद्ध संपताच बुडाले, ही कथा मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. त्याच टंचाईने रशियाच्या गिरणीमालकांचे लक्ष मध्य आशियाकडे अधिक उत्सुकतेने वळवले. १८६५ साली रशियन सैन्याने ताश्कंद जिंकले. पुढे १८८० च्या दशकात अमेरिकन जातीच्या लांब धाग्याच्या कापसाची लागवड तिथे पसरू लागली. कापूस वसाहतीत पिकवायचा आणि कापड राजधानीच्या बाजूला विणायचे, ही व्यवस्था झारची होती. क्रांतिकारकांनी तिला योग्य शब्दांत वसाहतवाद म्हटले. मग सामुदायिक शेतीच्या काळात त्यांनी तीच व्यवस्था कितीतरी पटींनी वाढवली आणि तिला कापसातील स्वावलंबन असे नाव दिले. स्वावलंबन सोव्हिएत संघाचे होते. उझबेकिस्तानचे परावलंबन त्यात गृहीत धरलेले होते.

येथे गव्हाच्या ओंब्यांकडे वळावे लागते, कारण त्या चिन्हातील खरी लबाडी कापसात नसून गव्हात आहे. कापूस तरी शेतात होता. गव्हाची जमीन मात्र कापसाने खाल्ली. फळबागा, खरबुजांचे मळे आणि जमिनीचा कस राखणारी लसूणघासाची फेरपालट, सर्व हळूहळू मागे रेटले गेले आणि प्रजासत्ताकाला लागणारे बरेचसे धान्य बाहेरून आणावे लागले. सोव्हिएत संघाच्या एकूण कापसापैकी सुमारे दोन तृतीयांश कापूस देणारा हा प्रदेश भाकरीसाठी दुसऱ्यांच्या आगगाड्यांची वाट पाहत होता. राज्यचिन्हावर मात्र ओंब्या आणि बोंडे यांना सारखाच मान होता.

पाण्याचा हिशेब त्याहून कठोर आहे. अमू दर्या आणि सीर दर्या या दोन नद्या अरल समुद्राला मिळत. कालव्यांनी त्या शेतांकडे वळवल्या. १९६० साली अरलचे क्षेत्रफळ सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर होते आणि जगातील सरोवरांत त्याचा क्रमांक चौथा लागे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे दोन तुकडे झाले आणि २००७ पर्यंत मूळ विस्ताराच्या दहाव्या हिश्शाइतकेच पाणी उरले. काराकल्पाकस्तानातील मुयनाक हे मासेमारीचे बंदर होते, तिथे मासे डबाबंद करण्याचा मोठा कारखाना होता. समुद्र त्या गावापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर गेला आणि गंजलेल्या नौका वाळूत उभ्या राहिल्या. उघड्या पडलेल्या तळावरील मीठ, त्यात शेतांतून वाहून आलेली कीटकनाशके आणि वेचणीपूर्वी पऱ्हाटीची पाने झडवण्यासाठी फवारलेली औषधे, हे सर्व वाऱ्याबरोबर लोकांच्या श्वासात गेले. हा अपघात नव्हता. समुद्र आटेल हे नियोजनकर्त्यांना ठाऊक होते आणि कापसाच्या तुलनेत त्यांनी तो तोटा परवडणारा ठरवला होता.

साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रकरणातील लेखकांचा वाटा विसरू नये. पांढरे सोने हा कापसासाठीचा शब्द घोषणांतून गाण्यांत आणि गाण्यांतून शाळेच्या पुस्तकांत गेला. ताश्कंदच्या भुयारी रेल्वेच्या एका स्थानकाला कापूसकऱ्याचे, पाख्ताकोर असे नाव मिळाले, आणि निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या बोंडांची नक्षी असलेल्या चहाच्या किटल्या घरोघरी दिसू लागल्या. चिन्ह अशा रीतीने स्वयंपाकघरात पोचले. १९५९ पासून १९८३ पर्यंत प्रजासत्ताकाच्या पक्षाचे प्रथम सचिव असलेले शराफ रशीदोव स्वतः कादंबरीकार होते. त्यांच्या कारकिर्दीत वर्षाला साठ लाख टन कच्च्या कापसाचे लक्ष्य पुढे ठेवले गेले. ते शेतात पुरे होत नव्हते म्हणून कागदावर पुरे करण्यात आले. न पिकलेला लाखो टन कापूस मोजला गेला, विकला गेला, त्याचे पैसे दिले-घेतले गेले. पुढे चौकशी झाली आणि १९८८ मध्ये ब्रेझनेव्ह यांच्या जावयालाही शिक्षा झाली. एका कादंबरीकाराच्या राज्यातील सर्वांत मोठी कल्पित कृती कारकुनांनी लिहिली, असे म्हणण्याचा मोह आवरणे कठीण आहे. दुसऱ्या बाजूला, १९८८ साली स्थापन झालेल्या बिर्लिक चळवळीतही लेखक-कवीच पुढे होते. मुहम्मद सालिह यांच्यासारख्या कवींनी मातृभाषेबरोबरच कापसाच्या एकपीक पद्धतीचा आणि अरलचा प्रश्न मांडला. काठ वाचणारे वाचक त्या देशात होते.

त्यांनी जे वाचले ते नव्या राज्यकर्त्यांनी वाचले नाही. ३१ ऑगस्ट १९९१ रोजी स्वातंत्र्य घोषित झाले आणि २ जुलै १९९२ रोजी नवे राज्यचिन्ह स्वीकारले गेले. विळा-हातोडा गेला. त्याच्या जागी पंख पसरलेला हुमा पक्षी आला. ज्याच्या मस्तकावर त्याची सावली पडते तो राजा होतो अशी फारसी परंपरेतील समजूत आहे, आणि हुमायून या नावामुळे तो भारतीय वाचकांना अपरिचित नाही. माथ्यावर चंद्रकोर आणि तारा आला. सूर्य राहिला. कडेला गव्हाच्या ओंब्या राहिल्या आणि कापसाची बोंडेही राहिली. पक्षाचे शेवटचे प्रथम सचिव इस्लाम करीमोव हेच राष्ट्राध्यक्ष झाले आणि २०१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर होते. हुम्याची सावली फार लांब गेली नाही.

चिन्हाचा अर्थ संदर्भाने बदलतो, असा बचाव यावर केला जातो. कापूस त्या मातीत झारच्याही आधी हजारो वर्षे पिकत होता, तो तिथल्या शेतकऱ्याचा अभिमान आहे, मग परक्याने त्याचा गैरवापर केला म्हणून त्याने तो का टाकावा, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. गव्हाबाबत तर या बचावाला पुरावाही आहे, कारण स्वातंत्र्यानंतर गव्हाचे क्षेत्र खरोखर वाढवण्यात आले आणि १९३७ च्या ओंब्या पन्नास-साठ वर्षांनी का होईना खऱ्या ठरल्या. परंतु संदर्भ बदलल्याशिवाय अर्थ बदलत नाही, आणि कापसाचा संदर्भ बदलला नव्हता. शेतकऱ्याने किती कापूस द्यायचा आणि कोणत्या भावाने, हे स्वतंत्र देशातही शासनच ठरवत राहिले. दर शरद ऋतूत शाळा-महाविद्यालये ओस पडत आणि मुले वेचणीला नेली जात. पुढे लहान मुलांना वगळण्यात आले, तेव्हा शिक्षक, परिचारिका आणि कचेऱ्यांतील नोकर यांच्यावर तो भार पडला. सक्तीच्या कापसाची अनिवार्य उद्दिष्टे २०२० मध्ये रद्द झाली. शासनाने लादलेली सार्वत्रिक वेठबिगार थांबली असल्याचे मान्य करून आंतरराष्ट्रीय संघटनांनी कापसावरील बहिष्कार २०२२ च्या मार्च महिन्यात उठवला. म्हणजे नव्या चिन्हातील कापसाला जुन्या अर्थातून बाहेर पडण्यास जवळजवळ तीस वर्षे लागली, आणि ते चित्रकाराच्या कुंचल्याने घडले नाही.

तरीही राज्यचिन्हांच्या परिचयपुस्तिकांत १९९२ चा बदल संपूर्ण बदल म्हणूनच नोंदवला जातो. हुम्याचे वर्णन सविस्तर येते, अष्टकोनाचे येते, फितीच्या रंगांचे येते. कापसासाठी एक वाक्य असते आणि त्यात समृद्धी हा शब्द असतो. मुयनाकच्या वेशीवर गावाचे नाव लिहिलेला फलक आहे. त्यावर लाटा आणि मासा आहे.